कंठाचे दर्शन आणि अजपा नाम

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत, माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या घाटाखालपर्यंत, ज्या ज्या गावी अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेथे अभंगाची चाल उचलून धरणारा एखादा वयोवृद्ध बुवा बहुधा असतोच. आणि जागराने बसलेला त्याचा आवाज सप्ताह उठून महिना लोटला तरी सुटेना, म्हणजे कल्याणला, ठाण्याला किंवा मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ‘घशात दुर्बीण घालून’ पाहण्याचा सल्ला त्याला मिळतो. त्या वेळी त्याच्या मनात उभा राहणारा प्रश्न वैद्यकाच्या अखत्यारीतला नसतो. गळा गेला, तर नाम कशाने घ्यावे? या प्रश्नाला सांत्वनाचे दोन शब्द पुरेसे नाहीत, त्याचा विचारच केला पाहिजे.

प्रथम त्या परीक्षेचे स्वरूप पाहू. रुग्णास बहुधा संपूर्ण भूल देऊन उताणे निजवतात, मान किंचित पुढे आणि मस्तक मागे झुकवतात, म्हणजे तोंडातून स्वरयंत्रापर्यंत नजर शक्य तितकी सरळ पोचते. मग दातांना धक्का न लावता धातूची नळी जिभेच्या कडेने आत सरकवून श्वासमार्गावरची झडप उचलली, की स्वरतंतूंची पांढुरकी जोडी साक्षात दृष्टीस पडते. नळी टेकूवर स्थिर केल्यावर शस्त्रवैद्याचे दोन्ही हात मोकळे होतात, सूक्ष्मदर्शकातून तो तंतूंची कड न् कड न्याहाळतो, संशयित भागाचा तुकडा काढून तपासणीस रवाना करतो, आणि गाठ लहान असेल तर तेथल्या तेथे तिचा निकालही लावतो. बर्लिनच्या आल्फ्रेड किर्श्टाइनने १८९५ साली हे प्रत्यक्ष दर्शन प्रथम साधले. त्यापूर्वी, मॅन्युएल गार्सिया या गायनगुरूने १८५४ साली आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरयंत्र पाहिले तेव्हापासून, सर्व भिस्त प्रतिबिंबावर होती. मात्र आरसा धरला असता रुग्णास ‘ई’ म्हणावयास सांगता येते आणि तंतू जुळताना, विलग होताना दिसतात. भुलीखालच्या प्रत्यक्ष दर्शनात बोलणाराच निद्रिस्त असतो. तंतूंची हालचाल नीट पारखायची, तर जागेपणीची तपासणी आजही करावी लागते. वाणीचे इंद्रिय जसजसे निकट येते, तसतशी वाणी तेथून निघून जाते, हा योग मला विलक्षण वाटतो. जिच्यायोगे वाणी बोलती होते त्या शक्तीला वाणीचा विषय करता येत नाही, हा केनोपनिषदाचा सिद्धान्त येथे कोणाला आठवला, तर त्यात नवल नाही.

परंतु बुवांचा प्रश्न याहून जवळचा आहे. व्हिक्टर नेगस या इंग्रज शस्त्रवैद्याने नाना प्राण्यांची स्वरयंत्रे तपासून १९२९ साली असे प्रतिपादिले, की हे इंद्रिय मूळचे श्वासमार्गाचे रक्षक आहे, अन्नपाणी फुप्फुसात शिरू न देणे हे त्याचे आद्य कर्तव्य आहे, आणि ध्वनी हा त्याचा मागाहूनचा व्यवसाय आहे. कंठात श्वास आधी, शब्द नंतर. आता मुरबाडातील गोरखगडाकडे पाहावे, ज्याचा संबंध लोकश्रद्धेने गोरक्षनाथांच्या साधनेशी जोडला आहे. नाथपंथ अहोरात्रीचे २१,६०० श्वास मोजतो, म्हणजे मिनिटास १५, आणि त्या येरझारीतच ‘सोऽहम्’चा जप आपोआप चालतो असे मानतो, तीच अजपा. गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव अशी परंपरा वारकरी सांगतो, तेव्हा ही अजपाही त्याच्या वारशातलीच ठरते. नेगसच्या ग्रंथाने नाथांचे मत सिद्ध झाले असे मी म्हणत नाही. श्रद्धेला शरीरशास्त्राचा दाखला जोडण्याचा हव्यास दोघांचाही अपमान करतो. इतकेच म्हणतो, की वैखरी, म्हणजे उच्चारलेली वाणी, गेल्याने नामाचा आधार गेला असे मानण्याचे कारण नाही.

व्हिएन्नाच्या बिल्रोट या शस्त्रवैद्याने १८७३ साली कर्करोगासाठी सबंध स्वरयंत्र काढले. आजही रोग फार पसरला असता कधी कधी तोच मार्ग उरतो, आणि मग श्वास मानेवरील छिद्रातून चालतो. तरी अजपेच्या हिशेबात एका श्वासाची तूट येत नाही. मात्र टाळमृदंगाच्या गजरात शंभर कंठांमध्ये आपला कंठ मिसळण्याचा जो आनंद, त्याची भरपाई अजपेने होईल असे म्हणणे खोटे ठरेल. ती हानी खरी आहे, आणि म्हणूनच ती टाळण्याची काळजी हेही धर्मकृत्यच आहे. विडी, तंबाखू सोडावी. बसलेला आवाज हे भक्तीचे भूषण समजून महिनोन् महिने मिरवू नये, तीन आठवड्यांत सुटला नाही तर घसा दाखवावाच, कारण आरंभीच सापडलेला रोग पुष्कळदा आवाज राखून बरा करता येतो. आणि ज्याचा आवाज जाणारच असेल, त्याला ते शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्ट सांगावे. केवळ मुलाची सही घेऊन भागवू नये.

अखंड सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. आठही प्रहर पाळीपाळीने कोणीतरी ती गळ्यात घेऊन उभा असतो. त्या पहाऱ्याला आवाजाची अट नाही. इस्पितळातून परतलेल्या बुवांचे नाव गावाने पुढच्या सप्ताहाच्या पहाऱ्याच्या यादीत पूर्वीच्याच क्रमाने लिहावे, आणि ते लिहिताना त्यांच्यावर कोणी उपकार करीत आहे असा भाव मनात येऊ देऊ नये.