एका बाकावर बसवल्यानंतर

केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर साऱ्या बाहुल्या सारख्याच. चांगली कोणती, असे विचारल्यावर बहुतेक मुलांनी गोरी बाहुली उचलली. ‘तुझ्यासारखी कोणती?’ या पुढच्या प्रश्नाला काही मुले रडू लागली.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ खटल्यात वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा एकमताने घटनाबाह्य ठरवल्या. निकालाच्या तळटिपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. मुले एका बाकावर बसली की मनेही जुळतील, अशी आशा तेव्हा अनेकांना वाटत होती.

ती लवकरच फोल ठरली. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सातल्या लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल होणार होते. राज्यपालांनी त्यांना अडवायला नॅशनल गार्डचे जवान उभे केले आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावे लागले. सैनिकांनी मुलांना आत पोचवले खरे. पण जिन्यावरची धक्काबुक्की आणि वर्गातल्या शिव्या थांबल्या नाहीत. छळणाऱ्यांना उलट उत्तर देणाऱ्या मिनीजीन ब्राउनलाच शाळेने काढून टाकले. १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या शाळेत सहा वर्षांची रूबी ब्रिजेस आली, तेव्हा गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली. बार्बरा हेन्री या शिक्षिकेने वर्षभर तिला एकटीलाच शिकवले. कायद्याच्या लेखी त्या शाळेतला भेद मात्र संपला होता.

असे का होते, याचे उत्तर निकालाच्याच वर्षी छापले गेले होते. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी ‘द नेचर ऑफ प्रेज्युडिस’ या ग्रंथात म्हटले, की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत. दोन्ही गटांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, त्यासाठी परस्परांची मदत लागावी आणि वरिष्ठांचा उघड पाठिंबा असावा. लिटल रॉकमध्ये यांतले काय होते?

ऑलपोर्ट यांचा विचार वर्गातल्या रोजच्या तासापर्यंत नेला तो मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरॉन्सन यांनी. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एकत्र आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. ॲरॉन्सन आणि त्यांचे विद्यार्थी वर्गात जाऊन बसले. त्यांना दिसली ती स्पर्धा: बाईंनी प्रश्न विचारायचा, हात वर करायचे, एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या चुकीची वाट पाहायची. नव्याने आलेल्या, इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलाची अशा वर्गात रोज शोभा होई. मग त्यांनी पाचसहा मुलांचे मिश्र गट केले. धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकच तुकडा दिला. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. आता अडखळणाऱ्या मुलाला हसण्यात कोणाचाच फायदा नव्हता. त्याला नीट प्रश्न विचारले, धीर दिला, तरच त्याच्याकडचा भाग कळणार होता. काही आठवड्यांतच मुलांना एकमेकांविषयी आपुलकी वाटू लागली, आणि मागे पडलेल्यांचे गुणही सुधारले. बंधुभावावर एकही व्याख्यान न देता हे घडले, हे फार महत्त्वाचे आहे.

मराठी वाचकाला इथे साताऱ्याची आठवण यावी. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शाहू बोर्डिंगमध्ये १९२० च्या दशकापासून निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राबत, एकत्र रांधत आणि एकाच पंगतीला बसत. जात आणि वंश एक नव्हेत, पण भाकरीसाठी दुसऱ्याच्या हातांची गरज पडावी ही रचना ॲरॉन्सन यांच्या गटांच्या फार जवळची आहे.

यानंतरचा टप्पा मोठ्यांना अडचणीत आणणारा होता. लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा वर्णद्वेषातून खून झाला. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने पोलिसांवर संस्थात्मक वंशवादाचा ठपका ठेवला, आणि त्याच अहवालात शाळांसाठीही शिफारशी होत्या: वर्णद्वेषाच्या प्रत्येक घटनेची नोंद ठेवा, ती पालकांना कळवा. म्हणजे दोष एखाद्या व्रात्य पोरावर ढकलून शाळेला मोकळे होता येणार नव्हते. खुद्द नियमही तपासावे लागतात. २०१६ मध्ये प्रिटोरियातल्या मुलींच्या एका सरकारी शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी केसांबाबतच्या नियमांविरुद्ध आवाज उठवला. आपले केस जसे उगवतात तसे ठेवण्यासाठी शाळकरी मुलींना निदर्शने करावी लागावीत, याची लाज मोठ्यांना वाटायला हवी.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या तिप्पट प्रमाणात निलंबित केले जात होते. म्हणून मुख्याध्यापकांनी आदराचे फलक लावण्याआधी शिक्षेची वही उघडावी. वर्गाबाहेर कोणाला काढले जाते, तक्रार कोणाची ऐकली जात नाही, गटात कोणाला घेतले जात नाही, हे दरवर्षी पालकांसमोर मांडावे, आणि त्या बैठकीत मुलांनाही बोलू द्यावे.