शंभरावरची दोन

हॅचरीतून एक दिवसाची पिल्ले येतात ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून. शंभरांचे पैसे मोजले तर बहुधा एकशे दोन मिळतात. वरची दोन मरणार हे धरलेलेच असते, म्हणून त्यांचा दाम लागत नाही. पेण-रोह्याकडे भातखाचरांच्या कडेला उभ्या असलेल्या पोल्ट्री शेडमध्ये ही खोकी उतरतात, तुसाच्या थरावर चिक गार्डच्या, म्हणजे बुटक्या कुंपणाच्या, गोलात बल्बखाली पिल्ले सोडली जातात आणि त्याच दिवशी वहीत 'मरतूक' असा रकाना उघडतो. धंदा म्हटला की हा हिशेब ठेवावाच लागतो, त्याला नाव ठेवायचे कारण नाही. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यातले एखादे पिल्लू घोळक्यातून बाजूला होते, पंख सोडते, पिसे फुलवून डोळे मिटून उभे राहते, तेव्हा जो प्रश्न पडतो त्याचे उत्तर वहीत नसते. हिशेबात जे आधीच मेले आहे, त्याच्यासाठी माणसाने हात का हलवावा? हलवलाच पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. आणि तेही दया म्हणून नव्हे, देणे म्हणून.

हे देणे कुठून आले, ते ब्रूडरकडे, म्हणजे बल्बखालच्या या उबेच्या जागेकडे, नीट पाहिले की कळते. घरची खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते आणि पिल्ले निघाल्यावर पुढचे काही आठवडे त्यांना पंखाखाली घेते. पिल्लाच्या अंगावर तेव्हा नुसती लव असते, स्वतःची ऊब त्याला धरता येत नाही. ब्रूडरमध्ये आपण या कोंबडीला बाजूला केले आहे. तिच्या जागी बल्ब टांगला, पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर पंचाण्णव अंश फॅरनहाइटच्या आसपास ऊब ठेवली आणि पुढे दर आठवड्याला ती पाचेक अंशांनी उतरवत नेली. ऊब कमी पडली की पिल्ले बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढतात, जास्त झाली की चोची उघड्या टाकून कडेला पळतात, बरोबर असली की तुसावर सगळीकडे सारखी पसरतात. पिल्लांचे हे बोलणे समजायला दुसरी भाषा लागत नाही. श्रावणातल्या पावसात वीज गेली, तूस ओला झाला, तर त्या रात्री पिल्लाला आईकडे जाता येत नाही, कारण त्याला आई माहीतच नाही. त्याचे परावलंबन निसर्गाने जितके घडवले, त्याहून जास्त आपण घडवले आहे. ज्याने आधार काढून घेतला त्यानेच आधार व्हायचे, इतका हा साधा न्याय आहे.

आपल्या परंपरेने हा न्याय ओळखला होता. धर्मशास्त्रात 'पंचसूना' अशी कल्पना आहे. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या गृहस्थाच्या घरातल्या पाच हिंसेच्या जागा. जगायचे तर त्या टळत नाहीत, आणि म्हणूनच गृहस्थाला रोजचे पाच यज्ञ सांगितले. त्यांतला भूतयज्ञ प्राणिमात्रांसाठी. इथला युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. हिंसा अटळ आहे म्हणून कर्तव्य संपले, असे शास्त्र म्हणत नाही. हिंसा अटळ आहे म्हणून कर्तव्य सुरू होते, असे म्हणते. पेण तालुक्यातल्या गागोद्यात 1895 साली जन्मलेल्या विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. त्यांत यज्ञाचा अर्थ त्यांनी असाच लावला आहे: आपण सृष्टीची जी झीज करतो ती भरून काढणे. रोह्यात 1920 साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी भक्तीच्या मुळाशी कृतज्ञता धरली. दोघांचे मार्ग निराळे, पण सुरुवात दोघांनीही कीव येण्यापासून केली नाही. कीव आली तर येते, नाही तर नाही. देणे मात्र मन पाघळले नाही तरी फेडावेच लागते.

यावर पहिला आक्षेप असा की हे पिल्लू वाचले तरी पाच-सहा आठवड्यांत गाडीत चढणार आणि कापले जाणार, मग आज त्याला जपून काय साधले? याचे उत्तर पेणच्या मातीतच आहे. पेण शहरात, हमरापूर-जोह्यात वर्षभर गणपती घडतात. त्यातली प्रत्येक मूर्ती विसर्जनासाठीच असते. दीड दिवस, पाच दिवस, फार तर अनंत चतुर्दशीपर्यंत. तरी डोळ्यांची आखणी करताना कारागीर श्वास रोखून ब्रश चालवतो. पाण्यातच जायची आहे, मग बुबुळ जरा तिरके झाले म्हणून काय बिघडले, असे त्या कारखान्यात कोणी बोलत नाही. एखादी गोष्ट किती दिवस टिकणार यावर तिच्याशी कसे वागायचे हे ठरत नाही, हे पेणकरांच्या हाताला मुरलेले ज्ञान आहे. मूर्तीला तर वेदनाही नाही, पिल्लाला ती आहे आणि आत्ता आहे. ज्याच्या वाट्याला चाळीसच दिवस आहेत, त्याच्या चार दिवसांचे दुखणे त्याच्या आयुष्याचा दहावा हिस्सा खाते.

दुसरा आक्षेप प्रारब्धाचा. ज्याचे त्याचे भोग, आपण मध्ये पडून काय होणार? पण पिल्लाचा आजार प्रारब्धात लिहिलेला असेल, तर त्याच्याजवळ उभा असलेला माणूसही त्याच प्रारब्धात आला. कर्मसिद्धांत आपल्या कर्मांचा जाब आपल्याकडून घेण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाला कारण पुरवून मोकळे होण्यासाठी नाही. आणि फ्यूज उडाला, पाण्याचे भांडे रिकामे राहिले, त्याला प्रारब्ध म्हणणे हा तर शब्दाचाच दुरुपयोग आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला पूर्ण मान दिला पाहिजे. एकाला वाचवताना हजारांना धोका झाला तर? पिल्लांचे रोग वाऱ्यासारखे पसरतात. पांढरी हगवण विष्ठेतून फैलावते, मानमोडी एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये माणसाच्या चपलेबरोबरही जाते. 2006 मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा लाखोंनी कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. जानेवारी 2025 मध्ये तो पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यात, चिरनेरला निघाला. अशा वेळी प्रत्येक पक्षी जपा असे सांगणे म्हणजे बाकीच्या जिवांशी, माणसांशीही, बेइमानी होईल. इथे 1928 सालच्या साबरमती आश्रमातल्या वासराची आठवण ठेवावी. ते वासरू बरे होण्यापलीकडे गेले होते, तडफडत होते. गांधीजींनी त्याला इंजेक्शन देववून मरण दिले आणि ती अहिंसाच आहे असे जाहीरपणे मांडले. देशभर गदारोळ उठला. पण गांधीजींनी घातलेल्या अटी लोक विसरतात: रोग असाध्य हवा, सेवा करण्यासारखे काही उरलेले नसावे, आणि मारणे आपल्या सोयीसाठी नव्हे, त्या जिवाच्या सुटकेसाठी हवे. साथीतली कत्तल या अटींत पुरती बसत नाही, तिचे समर्थन इतरांच्या रक्षणातून येते. म्हणूनच तिथे निदान मरण झटपट आणि कमीत कमी वेदनेचे असावे, हे देणे उरतेच. आजारी पिल्लू जिवंत पोत्यात भरून ठेवणे किंवा कुंपणापलीकडे फेकणे मात्र वरच्या दोन्हींपैकी कोणत्याच समर्थनात बसत नाही.

शिवाय प्रत्येक मलूल पिल्लू साथीचे नसते. पुष्कळदा प्रवासाचा शीण असतो, थंडी लागलेली असते, किंवा विष्ठा चिकटून गुदद्वार बंद झालेले असते. अशा पिल्लाला वेगळ्या खोक्यात ऊब द्यायची, आधी निरोगी पिल्लांचे काम उरकून मग याच्याकडे जायचे आणि नंतर हात धुवायचे. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस चिकटलेल्या जागी धरून ठेवायचा. ओढले तर कातडी येते, धीर धरला तर खडा आपोआप सुटतो. गुळाचे पाणी चोचीच्या कडेला थेंबाथेंबाने लावायचे. घशात ओतले तर श्वासनलिकेत जाते. पिल्लू थेंब चोचीत घेते, मान वर करते, गिळते. यात काळजी आणि विलगीकरण यांचे भांडण नाही. त्याला बाजूला काढणे हीच त्याची आणि कळपाची, दोघांची काळजी आहे. नाही तर बाकीची पिल्ले त्याला टोचून रक्तबंबाळ करतात.

शेवटी ढोंगाचा आरोप येतो: कोंबडी खायची आणि पिल्लाची शुश्रूषाही करायची? ज्याने मांस सोडले त्याची भूमिका अधिक सुसंगत आहे, हे मी मान्य करतो. पण तिनेही हिशेब मिटत नाही. अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातींत नर पिल्लांना पहिल्याच दिवशी मारून टाकतात, आणि ती अंडी शाकाहारी म्हणवणाऱ्या अनेक घरांतही जातात. विसंगती सगळ्यांच्याच वाट्याला आहे. ती आहे म्हणून हातातले काम सोडणे, ही तिच्यात पडलेली आणखी एक भर. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलमही प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्याच्या कल्याणाची जबाबदारी टाकते. मालक शाकाहारी आहे की मांसाहारी, हे ते विचारत नाही.

पेण-रोह्यातल्या शेडमालकांना आणि तिथे राबणाऱ्या हातांना म्हणून एवढीच विनंती आहे. पुढची बॅच उतरेल तेव्हा ब्रूडरपासून दूर एक रिकामे खोके ठेवा, त्यात मूठभर कोरडा तूस, वर एक बल्ब आणि शेजारी पाण्याची वाटी. शंभरावरच्या दोघांसाठी.