शब्दाची जात, वाक्यातली जागा

इंग्रजीतला 'बॅक' हा शब्द घ्या. 'माय बॅक हर्ट्स' म्हटलं की ते नाम. 'बॅक डोअर'मध्ये तो विशेषणाचं काम करतो, 'कम बॅक'मध्ये क्रियाविशेषणाचं आणि 'आय बॅक यू'मध्ये चक्क क्रियापदाचं. अक्षरं तीच, उच्चार तोच. मग या शब्दाची जात ठरवायची कशावरून? आपल्या शाळांतून इंग्रजी व्याकरण शिकवताना हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. व्याख्या पाठ करून घेतल्या जातात आणि मुलं शब्दांखाली रेघा मारत बसतात. युरोपातल्या वैयाकरणांनी मात्र या प्रश्नाशी दोन हजार वर्षं झुंज दिली आहे. त्या झुंजीची हकीकत कळली, तर शब्दांच्या आठ जाती म्हणजे काही निसर्गनियम नव्हे, हे आपोआप ध्यानात येतं.

इ.स.पूर्व १००च्या सुमारास डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या छोट्याशा ग्रीक व्याकरणात या आठ जाती सापडतात. पण त्या आपल्या ओळखीच्या आठ नाहीत. त्यांत उपपद आहे, धातुसाधित आहे, आणि विशेषण व केवलप्रयोगी नाहीत. कारण सरळ आहे. ग्रीक शब्द आपली जात अंगावर वागवतो. ज्याला विभक्ती लागते ते नाम, ज्याला विभक्ती लागत नाही पण काळ आणि पुरुष लागतो ते क्रियापद, आणि ज्याला काळ आणि विभक्ती दोन्ही लागतात ते धातुसाधित. विशेषणही नामासारखंच चालतं, म्हणून ते नामाच्याच घरात राहिलं. ही वर्गवारी ग्रीकपुरती चोख होती, कारण ती शब्दाच्या रूपावर उभी होती.

रोमनांनी ती उचलली तेव्हा पहिली अडचण आली. लॅटिनमध्ये उपपदच नाही! पण आठ हा आकडा मोडायचा नव्हता, म्हणून त्यांनी उद्गारवाचक शब्दांची, म्हणजे केवलप्रयोगींची, स्वतंत्र जात केली आणि आकडा राखला. पुढे डोनाटस आणि प्रिस्कियन या लॅटिन वैयाकरणांच्या ग्रंथांनी ही चौकट पक्की केली आणि हजार वर्षं युरोपात व्याकरण म्हणजे लॅटिनचं व्याकरण, असंच समीकरण राहिलं.

या काळात खुद्द इंग्रजी भाषा मात्र वेगळ्याच वाटेने चालली होती. जुन्या इंग्रजीत 'क्युनिंग' म्हणजे राजा. तो कर्ता असेल तर त्याच्याआधी 'से' लागे आणि कर्म असेल तर 'थोने'. त्यामुळे राजा वाक्यात कुठेही उभा राहिला, तरी मारणारा तो की मार खाणारा तो, हे कळत असे. मराठीत आपण 'रामाने वाघाला मारलं' आणि 'वाघाला रामाने मारलं' हे दोन्ही बिनदिक्कत म्हणतो, तसंच. बाराव्या शतकापर्यंत इंग्रजीतली अशी बदलणारी रूपं आणि विभक्तीचे प्रत्यय झडत गेले. पीटरबरोच्या मठातली बखर ११५४पर्यंत लिहिली गेली, आणि तिच्या शेवटच्या भागात ही पडझड डोळ्यांनी दिसते. प्रत्यय गेले तेव्हा त्यांचं काम क्रमाने उचललं. आज 'राम किल्ड द टायगर'मधल्या दोन नामांची अदलाबदल केली, तर राम जिवानिशी जातो. इंग्रजी वाक्यरचनेचं सगळं मर्म या एका गोष्टीत आहे, असं मला वाटतं.

असं असूनही १५८६मध्ये विल्यम बुलोकरने इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण लिहिलं ते लॅटिनच्याच साच्यात. आपली भाषाही लॅटिनइतकीच नियमबद्ध आहे हे त्याला दाखवायचं होतं, आणि त्या काळी ते दाखवायचा दुसरा मार्ग नव्हता. १६५३मध्ये जॉन वॉलिस या गणितज्ञाने, अनंताचं चिन्ह रूढ करणाऱ्यानेच, या साच्याविरुद्ध स्पष्ट तक्रार केली. गंमत म्हणजे त्याने ती लॅटिनमध्ये लिहिली.

आपल्या ओळखीच्या आठ जाती नेमक्या दिसतात त्या १७६१मध्ये, जोसेफ प्रीस्टलीच्या व्याकरणात. ऑक्सिजनच्या शोधाशी ज्याचं नाव जोडलेलं आहे, तोच हा प्रीस्टली. त्याने धातुसाधिताला जातींतून काढलं आणि विशेषणाला स्वतंत्र स्थान दिलं. मला ही घटना फार मोलाची वाटते. इंग्रजीत 'बुक'चं 'बुक्स' होतं, पण 'रेड बुक्स'मधलं 'रेड' जसंच्या तसं राहतं. लॅटिनमध्ये विशेषण नामाबरोबर बदलतं, इंग्रजीत ते बदलत नाही. म्हणजे दोघांना एका घरात ठेवण्याचं कारणच उरलं नव्हतं. तरीही सगळ्यांचं एकमत झालं नाही. पुढच्याच वर्षी रॉबर्ट लाउथने उपपद धरून नऊ जाती सांगितल्या आणि १७९५मध्ये लिंडली मरेने त्याच नऊ ठेवल्या.

आकड्यापेक्षा मोठी अडचण व्याख्यांची होती. प्रत्यय फारसे उरले नाहीत म्हणून रूपावर बोट ठेवता येईना, तेव्हा शालेय पुस्तकांनी अर्थाचा आधार घेतला. नाम म्हणजे व्यक्ती, स्थळ किंवा वस्तूचं नाव. क्रियापद म्हणजे क्रिया दाखवणारा शब्द. नेसफील्डपासून रेन अँड मार्टिनपर्यंत भारतातल्या पिढ्या याच वळणाच्या पुस्तकांवर वाढल्या. त्या पुस्तकांनी वाक्य घडवण्याची शिस्त लावली, हे ऋण मोठं आहे. पण या व्याख्या वापरायला गेलं की कोसळतात. 'डिस्ट्रक्शन' ही वस्तू आहे की क्रिया? आणि 'सीम'मध्ये कोण काय करतं?

यातून बाहेर पडायची वाट अमेरिकेत चार्ल्स फ्राइझने दाखवली. १९५२च्या आपल्या पुस्तकासाठी त्याने सामान्य माणसांची टेलिफोनवरची सुमारे ५० तासांची संभाषणं तपासली. शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न बाजूला ठेवून हा शब्द वाक्यातल्या कोणत्या रिकाम्या जागेत बसतो, एवढंच त्याने विचारलं. हे किती खरं आहे, ते पाहायला एक निरर्थक वाक्य पुरे: 'द ग्लोबी फर्क्स डॅस्टेड अ मिप.' यातला एकही मुख्य शब्द शब्दकोशात सापडायचा नाही. तरी 'फर्क्स' अनेक आहेत, ते 'ग्लोबी' आहेत, त्यांनी एका 'मिप'ला काहीतरी केलं आणि ते होऊन गेलं, हे सगळं कळतं. ते सांगतात शब्दांच्या जागा, 'द' आणि 'अ', आणि उरलेसुरले दोन-चार प्रत्यय.

अर्थात, नुसती ओळीतली जागा पुरत नाही. 'ओल्ड मेन अँड विमेन' म्हटलं तर बायका म्हाताऱ्या आहेत की नाहीत? शब्द तेच, जाती त्याच, क्रमही तोच, आणि अर्थ दोन. 'ओल्ड' फक्त 'मेन'शी जोडलं की 'मेन अँड विमेन' या अख्ख्या गटाशी, यावर सगळं अवलंबून. १९५७मध्ये नोम चॉम्स्कीने वाक्याच्या या थरांना नेमकी गणिती मांडणी दिली, तेव्हापासून वाक्य म्हणजे फांद्या फुटलेलं झाड, हे चित्र भाषाशास्त्रात स्थिरावलं.

मग जुन्या जातींकडेही नव्याने पाहिलं गेलं. 'बिफोर लंच'मध्ये 'बिफोर' शब्दयोगी, 'बिफोर ही केम'मध्ये उभयान्वयी आणि नुसत्या 'आय सॉ हिम बिफोर'मध्ये क्रियाविशेषण, असं पुस्तकं सांगतात. डॅनिश पंडित ऑटो येस्पर्सनने १९२४मध्येच विचारलं होतं, की पुढे काय येतं एवढ्यावरून एकाच शब्दाच्या तीन जाती कशाला? क्रियापदाला कधी कर्म असतं, कधी नसतं, म्हणून आपण त्याची जात बदलतो का? २००२च्या केंब्रिजच्या बृहद् व्याकरणाने त्याचं म्हणणं स्वीकारून ही तिन्ही रूपं एकाच जातीत आणली. संगणकाला इंग्रजी शिकवण्यासाठी १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेन ट्रीबँकमध्ये शब्दांना ३६ खुणा आहेत, आणि तिथेही 'बिफोर लंच' आणि 'बिफोर ही केम' या दोन्हींतल्या 'बिफोर'वर एकच खूण आहे.

मराठीशी या हकीकतीचा धागा थेट जुळतो. १८३६मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर, आणि आज आपल्या पाठ्यपुस्तकांत असलेल्या आठ जाती प्रीस्टलीच्या आठांशी जुळतात. संस्कृत परंपरेत यास्काने सांगितलेल्या चार, किंवा पाणिनीची सुबन्त-तिङन्त (विभक्तीचे प्रत्यय लागणारे आणि क्रियापदाचे प्रत्यय लागणारे शब्द) ही विभागणी आपण शाळेत घेतली नाही. पण आपल्या व्याकरणाने एक गोष्ट उघडपणे मान्य केली: 'टेबलावर'मधलं 'वर' शब्दयोगी आणि 'वर जा'मधलं 'वर' क्रियाविशेषण. म्हणजे जागेवरून जात ठरते ही गोष्ट, येस्पर्सनने अशा वाटणीवर आक्षेप घेतला असला तरी, मराठी मुलाच्या सहावी-सातवीच्या पुस्तकात आधीच आहे. इंग्रजीच्या तासाला शिक्षकाने व्याख्येऐवजी 'द डॅश इज रेडी' असं वाक्य फळ्यावर लिहावं आणि त्या जागेत काय काय बसतं ते मुलांनाच शोधायला सांगावं. 'फूड' बसेल, 'बस' बसेल, 'टीचर' बसेल. 'गो' बसणार नाही, 'हॅपी' बसणार नाही. आणि कोणीतरी 'रन' सुचवलं, तर क्रिकेटमधली 'अ रन' आणि 'रन फास्ट' ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी लिहून वर्गाला विचारावं, यातलं नाम कोणतं आणि ते कळलं कशावरून.