चाक फिरवतं कोण?

जेफ्री चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एक मठवासी साधू सतरा गोष्टी सांगतो. सगळ्या वरून खाली पडलेल्यांच्या. तात्पर्य एकच: भाग्यदेवतेवर विसंबू नका, तिचं चाक फिरतंच.

या विचारामागे बोएथियस आहे. सहाव्या शतकात, तुरुंगात मरणाची वाट बघत त्याने लिहिलं की बदलणं हा भाग्याचा स्वभावच आहे. चाकावर आपण राजीखुशीने चढतो, मग खाली येताना तक्रार कसली?

स्वतःला सांगायला हे ठीक आहे. पण साधूच्या यादीत रोमचा क्रूर नीरो आहे, तसाच पिसाचा उगोलिनोही. उगोलिनोबरोबर त्याची लहान मुलंही बुरुजात उपाशी मेली. ती कुठे चाकावर चढली होती? आणि बुरुजाचं दार भाग्याने नाही, माणसांनी बंद केलं. मिलानच्या बेर्नाबो व्हिस्कोंतीचंही तेच. चॉसर १३७८मध्ये त्याच्याकडे राजनैतिक कामासाठी गेला होता. १३८५मध्ये बेर्नाबो कैदेत मेला. कैद करणारा त्याचा पुतण्या, शिवाय जावईही.

शेवटी सरदार वैतागून साधूला थांबवतो: पुरे झालं, गरीब माणूस वर गेल्याच्या गोष्टी सांगा. त्याचा कंटाळा आपल्याला समजतो. पण दार कोणी लावलं, हे तोही विचारत नाही.

‘नशीब फिरलं’ हे वाक्य स्वतःबद्दल म्हटलं तर माज उतरवतं. दुसऱ्याबद्दल म्हटलं, की अनेकदा कुणाच्या तरी अपराधावर पांघरूण घालतं.