रंगाखालचा थर कोणासाठी?

जुनी गाडी रंगवायला काढली की सगळी चर्चा रंगावर होते. मूळचाच ठेवायचा की मॅट काळा? चकाकी किती हवी? प्रायमरबद्दल सहसा कोणी विचारत नाही. तो डेंटिंग-पेंटिंगवाल्यावर सोडलेला असतो आणि काम झाल्यावर कोणालाच दिसत नाही. मला वाटतं, या सगळ्या खटाटोपातला खरा नैतिक प्रश्न तिथेच असतो.

१९७२ साली बाजारात आलेली बजाज चेतक घ्या. वडिलांची किंवा आजोबांची चेतक पुन्हा रस्त्यावर आणायची हौस अनेकांना असते. या स्कूटरला मोटरसायकलसारखी पाइपांची वेगळी फ्रेम नाही. दाबून घडवलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. त्यामुळे फूटबोर्डाखाली गंज चढला तर नुसतं रूप जात नाही; ज्याच्या जिवावर माणूस बसतो ते अंगच कमकुवत होतं.

लोखंडाला हवा आणि पाणी मिळालं की गंज सुरू होतो. तो सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून वरचा रंग फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. गंजावरच रंग मारला तर गाडी काही काळ नवी दिसते, आत मात्र पत्रा खाल्ला जातच असतो.

गंज घासून स्वच्छ पत्रा उघडा केला की निवड समोर येते. रेड ऑक्साइड स्वस्त, ब्रशनेही लागतो. गंमत म्हणजे त्याचा तांबूस रंग आयर्न ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच भावकीतला. पण तो सावकाश वाळतो आणि वरून जहाल थिनरचा रंग मारला तर सुरकुतू शकतो. एच प्रायमरमधलं फॉस्फोरिक आम्ल पत्र्याला हलकं चावून पकड घेतं. मात्र त्याचा थर पातळ, त्यावर थेट पुट्टी भरू नये. इपॉक्सीत हार्डनर मिसळावा लागतो, खर्च आणि वेळ जास्त लागतो, पण ती ओल चांगली अडवते आणि तिच्यावर पुट्टीही बसते. टू-के सरफेसर बारीक ओरखडे भरतो; गंज रोखणं हे त्याचं मुख्य काम नाही. गाडी टिकवायची असेल तर उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी, मग पुट्टी, सरफेसर आणि शेवटी रंग, हा क्रम मला पटतो.

पण रंग चढल्यावर चांगलं आणि वाईट काम सारखंच चकाकतं. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते. प्रश्न असा, की कोणी पाहत नसेल तर माणूस न्यायाने का वागेल? जुन्या गाडीवरचा ताजा रंग ही तशीच अंगठी आहे. ती पेंटरच्या बोटात असते, तशीच गाडी विकायला काढलेल्या मालकाच्याही. ‘वरून मस्त करून दे, महिन्याभरात विकायचीय,’ असं मालकच म्हणतो, आणि पेंटर म्हणतो, ‘गिऱ्हाईकानं सांगितलं तेच केलं.’ दोघांचा सौदा चोख असतो. फसतो तो तिसरा, जो या बोलण्यात नव्हताच.

याचा अर्थ स्वस्त प्रायमर वापरणं पाप आहे, असा नाही. ज्याला दोन वर्षं कामावर जायला स्कूटर हवी आहे आणि हातात पैसे मोजकेच आहेत, त्याला इपॉक्सीचा उपदेश करणं सोपं आहे. त्यानं पत्रा नीट घासून रेड ऑक्साइड लावला, त्याला चालणारा रंग मारला आणि विकताना ते सांगितलं, तर त्यानं कोणाचं काही बुडवलं नाही. दोष स्वस्ताईत नाही, लपवण्यात आहे.

आणि महागडं काम आपोआप सज्जन ठरत नाही. टू-के रंग आणि सरफेसरच्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्यामुळे पेंटरला कायमचा दमा जडू शकतो. जुन्या रंगाच्या धुळीत शिसं असू शकतं. नाकाला रुमाल बांधून या गोष्टी अडत नाहीत. त्यासाठी योग्य मास्क आणि हवा खेळती असलेली जागा लागते. गाडीचा पत्रा वीस वर्षं टिकावा म्हणून आपण घासाघीस न करता पैसे मोजले, पण फवारणाऱ्याच्या फुफ्फुसांचा विचारही केला नाही, तर आपला चोखपणा पत्र्यापुरताच राहिला.

म्हणून प्रायमर निवडताना ‘कुठला चांगला?’ एवढंच विचारून भागत नाही. या थराचा परिणाम कोणाकोणावर होणार आहे आणि त्यांतलं कोण इथे बोलायला हजर नाही, हेही विचारावं लागतं. पुढचा मालक हजर नसतो. पेंटर हजर असतो, पण काम हातचं जाईल म्हणून गप्प बसतो.

करण्यासारखं बरंच आहे आणि ते साधं आहे. दर ठरवताना मास्कचा खर्च आपणहून धरा. गाडी उघड्या पत्र्यावर असताना फोटो काढा: कुठे गंज होता, कुठे जोड मारला, कुठला प्रायमर लागला. ते फोटो गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा आणि विकताना घेणाऱ्याला पाठवा. किंमत थोडी कमी येईल कदाचित. तेवढी ती कमी यायलाच हवी होती.