तीन सेकंद

शिक्षकांच्या प्रशिक्षणाला अलीकडे एक ठरीव रूप आलं आहे. ओळख परेड, मग उभं राहून पाऊस टाळी, मग गट पाडून चार्ट पेपर आणि स्केच पेनांचं वाटप. जेवणानंतर डोळे मिटू लागले की सुलभक ‘एनर्जायझर’ घेतात. सगळे हसतात, हातपाय हलवतात, खाली बसतात आणि पुढची स्लाइड सुरू होते. टाळीला माझा विरोध नाही, झोप उडते हे खरंच. पण टाळी संपल्यावर स्लाइड तीच असते आणि ती वाचून दाखवणाराही तोच.

माणूस विषयात गुंततो तो स्वतःचं काहीतरी पणाला लागल्यावर. त्याला एक साधा अंदाजही पुरतो. काचेच्या पेल्यात बर्फाचे खडे टाकावेत आणि काठोकाठ पाणी भरावं. तरंगत्या बर्फाची टोकं वर आलेली दिसतात. बर्फ वितळल्यावर पाणी सांडेल, पातळी उतरेल, की आहे तेवढीच राहील? बोलायचं नाही, आधी चिठ्ठीवर लिहायचं. मग शेजारच्याला आपलं म्हणणं पटवायचं. आता खोलीत जो गलका होतो, तो पाहण्यासारखा असतो. विज्ञान शिकवणारे सर ‘वरचा बर्फ जाईल कुठे? सांडणारच!’ म्हणून हटून बसतात आणि मराठी शिकवणाऱ्या बाई शांतपणे विचारतात, ‘पण सर, वितळल्यावर बर्फ आक्रसतो ना?’ निकाल सुलभकाने द्यायचाच नाही. पेला समोर आहे. पातळी हलत नाही. सगळा बर्फ वितळून जेवढं पाणी होतं, नेमकी तेवढी जागा त्याच्या बुडालेल्या भागाने आधीच अडवलेली असते.

हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर यांनी १९९१च्या सुमारास भौतिकशास्त्राचा तास असाच फिरवला. मुलं त्यांच्या व्याख्यानांवर खूश होती, अवघड गणितंही सोडवत होती. पण बलाची मूळ कल्पना साध्या शब्दांत विचारली की गडबडत. मग त्यांनी क्रम ठरवला: प्रश्न, एकट्याने उत्तर, शेजाऱ्याशी वाद, पुन्हा उत्तर. नुकतंच ज्याला कळलंय त्याला आपण कुठे अडलो होतो ते आठवत असतं. वीस वर्षं शिकवणाऱ्याला ते आठवत नाही. मात्र प्रश्न तोलून निवडावा लागतो. सगळ्यांना येणारा किंवा कुणालाच न येणारा असेल, तर वाद पेटत नाही.

त्याहून अवघड आहे ते प्रश्न विचारून गप्प बसणं. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचं आढळलं. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरं लांबली, न बोलणारी मुलं बोलू लागली, मुलंच प्रश्न विचारू लागली. खर्च शून्य. तरीही जमत नाही, कारण शांतता आपल्यालाच बोचते. मग आपण ‘सोपं आहे, विचार करा’ म्हणतो (म्हणजे चुकणारा दुप्पट मूर्ख ठरतो!) किंवा ‘पाण्याची पातळी वा...?’ म्हणून थांबतो आणि अख्खा वर्ग ‘...ढते!’ असं ओरडतो. त्या ओरडण्यालाच प्रतिसाद समजून वर्षंच्या वर्षं निघून जातात.

मोठ्यांच्या कार्यशाळेत आणखी एक अडचण असते. वर्गातली मुलं शिक्षकाचा चेहरा वाचतात. प्रशिक्षणाला आलेले शिक्षक मागच्या खुर्चीवर बसलेल्या केंद्रप्रमुखांचा वाचतात. साहेब काय म्हणतात ते कळेपर्यंत कुणी तोंड उघडत नाही, आणि एकदा साहेब ‘सांडेल’ म्हणाले की सगळ्यांचंच पाणी सांडतं. म्हणून तोंडी उत्तराआधी चिठ्ठी हवी, तीही बिननावाची. आणि एक चिठ्ठी केंद्रप्रमुखांनाही द्यावी.