घर विकताना, उन्हाळ्याआधी

पाडव्याला अजून अवकाश आहे, पण एकदा तो झाला की घर बघायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. नवी शाळा भरण्याआधी बिऱ्हाड हलवायचं, हा त्यांचा हिशोब. विकणारे पुष्कळदा साठीच्या पुढचे. ऐन वैशाखात माळा रिकामा करायचा, सोसायटीच्या कार्यालयात खेटे घालायचे, दुय्यम निबंधकाकडे ताटकळायचं. तब्येत तिथेच ढासळते.

म्हणून हवा बरी आहे तोवर कागदांना हात घाला. शेअर सर्टिफिकेट, खरेदीखत, इंडेक्स टू, मालमत्ता कराची पावती एका फाइलमध्ये लावा. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर घेणारा एक टक्का टीडीएस कापतो; ते बोलणी करतानाच लक्षात घ्या. आणि ओल आलेली भिंत रंगाने झाकू नका. पहिल्याच पावसात पोपडे निघतात, घेणाऱ्याचा विश्वासही उडतो. गळती काढा, नाही तर सरळ सांगून टाका. हाच चांगला व्यवहार, असं मी मनापासून मानतो.

शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेव्हा सकाळचं चालणं आजच सुरू करा. माळ्यावरची पितळी भांडी उतरवायची तर आठच्या आत, आणि कुणाला तरी सोबत घेऊन. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना एकदा भेटा.

सौदा आठवडाभर लांबला तरी चालेल. दुपारी बारा ते तीन मात्र कृपा करून बाहेर पडू नका.